नर्मदक्काचा दिवा आणि केरेवरचे उजेड

…नाही गं अमूल्या, तिथून नाही. मिलिटरीच्या गाड्या आल्या ते नंतर. तू लगेच गाड्यांवर जाऊ नकोस. समाजाच्या अंकात लोक वाचणार, त्यांना आधी अक्का कोण ते कळायला नको? उजेडांचं म्हणशील तर ते आले, दिसले आणि गेले. कुणाचे होते ते एवढ्या मोठ्या मिलिटरीला कळलं नाही, मला कुठून कळणार? मला कळते ती नर्मदक्का. म्हणून मी सांगणार तिचंच, आणि तू सुम्ने, म्हणजे गुपचूप, लिहीत बस.

नर्मदक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं नाव नर्मदाबाई, माझं गंगा; पण मैसूरात थोरलीला अक्का म्हणायची सवय, मग ती घराचीच नाही, सगळ्यांचीच अक्का झाली. आम्ही रंगाऱ्यांची माणसं. सासऱ्यांच्या वेळेला हेब्बाळच्या पलीकडे, केरेच्या काठाला आमचा रंगाचा कारखाना होता, घर त्यालाच लागून. केरे म्हणजे तळं. इथं जन्म काढल्यावर तोंडात तळं येतच नाही, केरेच येतं. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याची एक शेड, चुली, आणि अंगणात गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा रांजण. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का त्या रांजणाशी वाकून कापड काढत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. मी पाया पडायला गेले तर मागे सरकली आणि म्हणाली, "लांबून पड गं बाई, शालू नवा दिसतोय." ती पहिली ओळख.

तिचे यजमान वेंकोबा, माझे थोरले भावोजी. सोन्यासारखा माणूस, पण दिशा म्हणून कळायची नाही. देवराज मार्केटात एका दारानं आत गेले की दुसऱ्या दारानं बाहेर पडायचे आणि आपण कुठल्या गावाला आलो म्हणून उभे राहायचे. खोटं नाही सांगत. सायकलवर छापील कापडाचे गठ्ठे घेऊन खेड्यांना विकायला जायचे, येताना अंधार व्हायचा, आणि केरेला वळसा घालताना नेमके उलट्या बाजूला जायचे. एकदा तर पलीकडच्या काठावर गूळवाल्याच्या खोपटात झोपून आले. आमच्या चुलीचा धूर तिथून दिसत होता म्हणाले, पण घर आपलं असेल असं वाटलं नाही.

त्या दिवशी अक्कानं बांबू चिरायला घेतला. बांबूच्या कांबट्यांची एक टोपली वळली, त्याच्याभोवती पातळ मलमल गुंडाळली, ती मलमल मंजिष्ठेच्या रंगात घालून लालभडक केली. अंगणात पोफळीचा उंच खांब पुरला, विहिरीची जुनी कप्पी त्याच्या टोकाला बांधली आणि आत एरंडेलाची पणती ठेवून टोपली वर ओढली. भावोजींना म्हणाली, "हा तांबडा दिसला की तिकडं यायचं. बाकी डोकं लावायचं नाही." मग भावोजी कधी चुकले नाहीत. एवढं सोपं होतं बघ, पण त्या घरातल्या शहाण्या माणसांपैकी कुणाला सुचलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सांगते. कपिला नदीच्या पलीकडे जत्रेला जाताना तेप्पा उलटला. तेप्पा म्हणजे ती गोल टोपलीसारखी नाव असते ना, ती. बाकीची माणसं काठाला लागली. कापडाचे गठ्ठे सापडले. उलगडून बघितले तर एकाचाही रंग गेला नव्हता. भावोजी तेवढे सापडले नाहीत. वडील माणसांनी दर्भाचा पुतळा करून सगळं यथासांग केलं. अक्कानं सगळं करू दिलं, एका शब्दानं अडवलं नाही. पण कार्तिक आला, घरोघरी पितरांना वाट दिसावी म्हणून आकाशबुट्ट्या, म्हणजे टोपलीतले आकाशदिवे, वर चढल्या, तेव्हा अक्कानं ट्रंकेवरून ती जुनी टोपली काढली. मलमल नवी, रंग तोच. सासूबाई म्हणाल्या, अगं, सगळ्या पितरांसाठी एक लावलाय की, वेगळा कशाला? अक्का म्हणाली, "बाकीच्यांना वाट कळते. आमच्यांना नाही कळत."

तेव्हापासून कार्तिकातली एक संध्याकाळ चुकली नाही. ताप असू दे, पाऊस असू दे. तुझ्या बापाच्या लग्नाला कल्याणमंटपातून जेवायच्या आधी रिक्षा करून घरी आली, दिवा लावला आणि परत येऊन पंगतीला बसली. शेड बंद पडली, रंगाचं काम गेलं, अक्का हेब्बाळच्या गार्मेंटात धागे कापायला जायला लागली. पण वर्षाला एक मलमल ती घरच्या चुलीवर रंगवायचीच. माझी मुलं, तुझा बाप धरून, तिनंच वाढवली म्हटलं तरी चालेल. मी तापट, ती शांत. शांत म्हणजे गरीब नव्हे हां. बोलली की टाका घालून दोरा तोडल्यासारखं बोलायची.

आता तू बघतेस ते हेब्बाळ तेव्हा नव्हतं. कारखाने आले, कॉम्प्युटरवाल्यांची ती मोठी कंपनी आली, रस्ते झाले, आमच्या शेजारी लेआउट पडला, साइटी, म्हणजे प्लॉट, विकल्या गेल्या. सगळ्यांची घरं उंच झाली तरी अक्काचा खांब सगळ्यांच्या वरच. कंपनीच्या बसचे ड्रायव्हर आमच्या कोपऱ्याला 'दीपद मने' म्हणायला लागले, म्हणजे दिव्याचं घर. कार्तिक नसला, दिवा नसला, तरी नाव तेच. 'दीपद मने'पाशी उतरवा म्हटलं की आमच्या दारात उतरवतात.

हं, आता उजेडांवर येते.

त्या वर्षी दसरा झाला. बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत झाली, आकाशात त्या ड्रोनांची रोषणाई झाली, सगळे बघून आले. मग दिवाळी होऊन कार्तिक लागला, अक्काचा दिवा वर चढला, आणि थोड्याच दिवसांत केरेच्या वर, पलीकडच्या बाजूला, दिवेलागणीनंतर उजेड दिसायला लागले. तीन. नारिंगी तांबडे. एका ओळीत. आवाज नाही, लुकलुकणं नाही. येऊन थांबायचे, थोडे सरकायचे, आणि कुणीतरी फुंकर मारावी तसे जायचे. रोज नाही, कधीतरी. लोक आधी म्हणाले दसऱ्याची उरलेली ड्रोनं असतील. मग कुणी म्हणे देवी, कुणी म्हणे चीन, कुणी म्हणे परग्रहावरचे. ज्याच्या हातात फोन त्याच्याकडं एक व्हिडिओ. संध्याकाळच्या पाळीला कारखान्यात जाणाऱ्या पोरी केरेचा रस्ता सोडून लांबून जायला लागल्या. पाप, म्हणजे बिचाऱ्या, पायी किती फेरा पडायचा त्यांना. लेआउटातली पोरं दिवेलागणीला अंगणात खेळायची बंद झाली.

आणि केरेच्या त्या अंगाला सरकारचा एक कारखाना आहे, कुंपणवाला, आत काय होतं ते कुणाला सांगत नाहीत. त्याच्या वरच उजेड म्हटल्यावर मिलिटरी आली. हिरव्या गाड्या आल्या, केरेच्या बांधाजवळ तंबू लागला, तंबूवर ताटासारखं काहीतरी फिरायला लागलं. मग ते घरोघर विचारायला लागले. काय बघितलं, कुठून बघितलं, कुठल्या दिशेला.

आमच्या शेजारी चिदंबरराव राहतात. आपल्यातलेच, मराठी, विमा कंपनीतून रिटायर झालेले, लेआउटच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. त्यांनी मिलिटरीला सांगितलं, बाकी काही नाही, हा आमच्या अक्कांचा दिवा. केरेवर धुकं बसतं, त्यात त्याचा उजेड पडतो, आणि लोकांना तीन दिसतात. आणि वर अक्काला येऊन सांगून गेले, "अक्का, तुमच्या एका पणतीपायी दिल्लीहून माणसं आलीत बरं का."

अक्का मलमल पिळत होती. म्हणाली, "आलीत तर कॉफी ठेवते. तुमच्याकडं तर तुमचा जावईसुद्धा येत नाही."

चिदंबरराव हसले, पण लागलं त्यांना.

मग तो साहेब आला. कॅप्टन श्रीनिधी. आपल्या कृष्णराजनगरचा, भाताच्या शेतातलं पोर. उंच, कान मोठे, बूट दाराबाहेर काढून आत आला, तिथंच मला आवडला. बोलणं सगळं कन्नडात झालं, मी आपल्यात सांगते. अक्कानं त्याला खांब दाखवला, टोपली दाखवली, कशासाठी लावते तेही सांगितलं, भावोजींच्या वाट चुकण्यासकट. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, अम्मा, केरेच्या भोवतालचे सगळे दिवे उद्याची एक संध्याकाळ बंद करायचे ठरलंय. लेआउटचे, रस्त्याचे, सगळे. तुमचापण करायला लागेल. त्यात उजेड दिसले तर ते बाहेरचे. दिसले नाहीत तर…

अक्का म्हणाली, "तर माझा. मग काय करणार?"

"मग हा दिवा कायमचा बंद करायला सांगतील अम्मा. कारखान्याचं कुंपण जवळ आहे ना."

म्हणजे बघ, गोष्ट काय होती. एका संध्याकाळचा प्रश्न नव्हता. विझवून उजेड आले नाहीत तर अक्काचा दिवा गेला तो गेला.

मी साहेबाच्या समोरच म्हटलं, अक्का, नाही म्हण. घर आपलं, खांब आपला, कोण काय करतंय? अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, सुम्ने बस. आणि त्याला म्हणाली, उद्या कुणाला दिसणार नाही. शब्द दिला. तो पाया पडून गेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळं अंधारलं. मी आयुष्यात हेब्बाळ एवढं काळं बघितलं नव्हतं, अगदी मी सून होऊन आले तेव्हासारखं झालं. अक्कानं टोपली घेतली. मला वाटलं आत ठेवायला चालली. तर ती अंगणात त्या निळीच्या रांजणाशी गेली. वर्षानुवर्षं कोरडा, वर फळ्या टाकलेल्या. फळ्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "गंगा, दोरी धर." पणती लावली, मलमल नीट केली, आणि आम्ही दोघींनी टोपली रांजणात खाली सोडली. मी बांधावर जाऊन बघितलं, रस्त्यावर जाऊन बघितलं, कुठून म्हणून दिसत नव्हती. रांजणाच्या काठावर वाकलं तरच खाली ती निळी भिंत आणि मध्ये तांबडा उजेड. एवढं देखणं दिसत होतं ते. माझ्या मनात आलं, काय डोकं आहे या बाईचं. शब्दही राहिला, दिवाही राहिला.

त्या संध्याकाळी उजेड आले नाहीत. दिवे परत लागले तसे चिदंबरराव फाटकाशी येऊन सगळ्यांना सांगायला लागले, बघितलं? मी म्हणत नव्हतो? अक्का आत वाती वळत होती. मला वाटलं रांजणाचं सांगून टाकावं, पण तिनं डोळ्यानंच अडवलं.

सकाळी साहेब आला. या खेपेला बूट काढायच्या आधी दारातच उभा राहिला. हातात कागदावर काढलेला एक फोटो होता. काळा कुट्ट. फोटोत काहीच नव्हतं, आणि बरोबर मधोमध एक तांबडा ठिपका. गोल, नेटका, कपाळावर कुंकू लावल्यासारखा.

"अम्मा, तुम्ही शब्द दिला होता," तो म्हणाला.

"कुणाला दिसणार नाही म्हणाले होते. रस्त्यावरून दिसला? केरेवरून दिसला? ज्यांच्यासाठी लावते ते वरून बघतात. त्यांनापण दिसू नये असं तुम्ही कुठं म्हणालात?"

तो बिचारा म्हणाला, "काल आम्हीपण ड्रोन लावून वरूनच बघत होतो अम्मा."

मला हसू आवरेना. रात्रभर त्यांच्या साहेबलोकांना वाटत होतं म्हणे, एवढ्या अंधारात ही कसली खूण केली कुणी, आणि कुणाला. तोही हसला, पण थोडंच. मग खाली जोत्यावर बसला आणि सांगितलं ते खरं होतं. काल उजेड आले नाहीत. मोठ्या साहेबांचं मत झालंय की तो दिवाच. आणि काल दिवा विझला होता असंही आता म्हणता येत नाही, नव्हता असंही धड नाही, सगळी परीक्षाच फुकट गेली. आज परत अंधार करायचाय. लेआउटवाले आजच्या पुरते ऐकतील, उद्या नाही ऐकणार. "मला वाटतं तो तुमचा नाही," म्हणाला. "पण माझ्या वाटण्यावर कोण लिहितंय?"

अक्कानं खांबाकडं बघितलं. मी परत सुरू केलं, इतकी वर्षं चुकली नाही, आता चुकवायची का, आणि विझवूनही नाही आले उजेड तर हातचा दिवा जाणार. ती म्हणाली, "गंगा, त्या पोरी माझ्या दिव्याला भिऊन लांबनं जात असतील तर मला कळायला नको? वाट दाखवायला लावला मी तो. कुणाची वाट मोडायला नाही."

मी जाऊन रांजणातली टोपली वर ओढली आणि ओसरीवर उलटी ठेवली.

मग साहेबाला म्हणाली, "आज लावत नाही. आणि मी तुमच्या तंबूशी येऊन बसते, म्हणजे तुम्हाला परत वरून बघायला नको."

ऊन कलल्यावर साहेब आम्हाला न्यायला आला. चिदंबररावही काठी घेऊन आले, म्हणाले मी पण येतो, साक्षीला कुणी पाहिजे. बाहेर पडायच्या आधी अक्का अंगणात गेली. टोपली ओसरीवर उलटी ठेवलेली होती. ती खांबाशी उभी राहिली, खांबावर हात ठेवला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलली. "आज निघू नका. आज दिवा नाही. उद्या या."

एवढंच. मराठीत म्हणाली, साहेबाला कळलं नाही. त्यानं मला हळूच विचारलं अम्मा काय म्हणाल्या. मी सांगितलं. तो टोपी हातात घेऊन तिच्या आतलं अस्तर बघत राहिला. आणि चिदंबरराव, तोंडाला कधी विश्रांती न देणारा माणूस, काठी काखेत धरून अक्कासाठी फाटक उघडायला गेले.

बांधावर आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. दिवे गेले. केरेतले बेडूक तेवढे ओरडत होते. अक्का हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या वेळेला तिचे हात कधी रिकामे नसायचे. वात, तेल, दोरी, काहीतरी असायचं. ती सारखी बोटं चोळत होती, वात वळल्यासारखी. मी तिचा हात धरला. मनात म्हटलं, देवी हिंगुळांबिके, कुणाचे का असेनात, पण आज ते उजेड येऊ दे गं बाई. सगळं गाव ज्याला भीत होतं त्याचीच मी वाट बघत बसले होते.

आणि आले. पलीकडच्या काठावर, झाडांच्या बऱ्याच वर, आधी एक, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. नारिंगी तांबडे. आवाज नाही. तंबूत एकदम पळापळ झाली, यंत्रांशी बसलेली पोरं एकमेकांना आकडे सांगायला लागली, वर त्यांचं काहीतरी घूं करून गेलं. चिदंबरराव खुर्चीतून उठले, परत बसले. मला सांग, इतके दिवस लोक बघत होते, पण अक्कानं ते आत्ता पहिल्यांदा बघितले. कारण त्या वेळेला ती कायम आपल्या दिव्याकडं बघत असायची.

साहेब धावत बाहेर आला. उजेडांकडं नाही बघितलं त्यानं आधी, अक्काकडं बघितलं. म्हणाला, "अम्मा, तुमचा नाही."

ती म्हणाली, "ते मला दिसतंय. माझा वाऱ्यानं हलतो. हे हलत नाहीत."

मग त्यानं विचारलं भीती वाटते का. अक्कानं थोडा विचार केला, तो विचारतोय म्हणून नीट उत्तर द्यायचं असा. आणि म्हणाली, "कुणाचं तरी घर चुकलेलं दिसतंय."

उजेड थोडे सरकले, थांबले, आणि फुंकर मारल्यासारखे गेले. अक्का उठली आणि साहेबाला विचारलं, आता लावू का? त्यानं आत जाऊन विचारलं, त्यांची कामं आटपेपर्यंत थांबायला लागेल म्हणाला. आम्ही थांबलो. मग तो स्वतः आमच्याबरोबर घरी आला. पणती अक्कानं लावली, मलमल मी सारखी केली, आणि दोरी त्यानं ओढली. ओढता ओढता म्हणाला, माझी अज्जीपण लावायची, तिच्यामागं आमच्या घरात कुणी लावत नाही. टोपली वर टोकाला गेली, कप्पी कुरकुरली. अक्का वर बघून म्हणाली, "उद्याचं सांगितलं होतं, पण आले तर आले." आणि भाकरी टाकायला आत गेली.

मिलिटरी त्यानंतरही बरेच दिवस होती. ड्रोनवाल्या पोरांना विचारलं, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना विचारलं, विमानांचं बघितलं, केरेचं पाणी बघितलं, धुकं बघितलं. काही हाताला लागलं नाही. उजेड कमी कमी होत थांबले. तंबू निघाला त्या दिवशी साहेब निरोप घ्यायला आला. अक्कानं विचारलं, मग काय लिहिलंत? तो म्हणाला, काय आहे ते कळलं नाही असं लिहिलं. मोठ्या साहेबांना ते आवडलं नाही, पण खरं तेच होतं. आणि तुमचा दिवा नाही हेही लिहिलं. अक्का म्हणाली, बरं केलंत, कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं. सगळ्यांसमोर तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मिलिटरीचा माणूस असा मान खाली घालून उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघितला.

चिदंबरराव चुकलो असं काही म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडून ते येणार नाही. पण दुसऱ्या वर्षी कार्तिकाच्या आदल्या दिवशी एरंडेलाचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, तुम्ही वापरता त्याचा धूर फार होतो अक्का, हे चांगलं आहे. दर वर्षी आणतात. दर वर्षी धुराचं बोलतात. आणि अक्का दर वर्षी त्यांच्या जावयाचं विचारते.

आता अक्काच्या डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, आला आहे. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, ती म्हणते कार्तिक होऊ दे. मलमल अजून तीच रंगवते. डोळ्याला दिसत नाही तर हाताला कळतं म्हणते, पण मागच्या वर्षी जरा जांभळट झाली होती, मी सांगितलं नाही. दोरी मी ओढते. ती ओसरीवर बसून विचारते, "लागला का गं?" मी म्हणते लागला. "हलतोय?" हलतोय म्हणते. मग ती आत जाते.

गेल्या कार्तिकात एकदा ते उजेड परत आले होते. मी दोरी बांधत होते, मान वर केली तर केरेच्या पलीकडे तिघं. कुणी पळालं नाही, कुणी फोन केला नाही, संध्याकाळच्या पाळीच्या पोरी त्याच रस्त्यानं गप्पा मारत गेल्या. मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, अजून सापडलं नाही वाटतं घर त्यांना, पाप.

तर वाचणाऱ्यांना माझं एवढं सांगणं आहे. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, जावई मिलिटरीत असेल. त्या श्रीनिधी साहेबाची बदली कुठं वर उत्तरेला झाली, अमूल्यानं फोन लावून बघितला, तो नंबर लागत नाही. कृष्णराजनगरचा, उंच, कान मोठे. कुणाला भेटला तर अक्काचा निरोप द्या. उजेड कुणाचे ते कळलं असेल तर येऊन सांग, नसेल कळलं तरी ये. रजा कार्तिकात घे म्हणावं. पत्ता विचारत बसू नकोस, बसवाल्याला 'दीपद मने' म्हण, आणि उतरलास की वर बघ. तांबडा दिसेल तिकडं यायचं.